हाक कधी द्यायची

बाळ झालं, वार पडली, मुलगा की मुलगी हे बाहेर सांगूनही झालं, आणि मग लक्षात येतं की रक्त थांबत नाहीये. बाळंतपणात आई दगावण्याच्या कारणांत सगळ्यांत घाईचं कारण हे. गर्भाशय आकसून घट्ट झालं तर वारेच्या जागेवरच्या उघड्या रक्तवाहिन्या आपोआप दाबल्या जातात. ते सैल राहिलं तर सकाळी चालत दवाखान्यात आलेली धडधाकट बाई काही तासांत हातची जाते. त्या वेळी तिच्याजवळ बहुतेकदा डॉक्टर नसतात. सिस्टर असते, एएनएम असते. डॉक्टर ओटीत असतात, ओपीडीत असतात, घरी झोपलेले असतात किंवा तीस किलोमीटरवरच्या गावी असतात. मग जी जवळ आहे तिनं स्वतःच्या हिमतीवर काय करायचं, आणि लांब असलेल्या डॉक्टरला कधी बोलवायचं? मातामृत्यूचा विषय मी जितका वाचत आणि ऐकत गेले, तितका तो मला या एका प्रश्नापाशी येऊन ठेपलेला दिसला.

या प्रश्नाचं एक फार चांगलं उत्तर आपल्या शेजारी, बेळगावात शोधलं गेलं. सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये २५ एएनएमनी १६२० बायकांची बाळंतपणं केली, काही घरी, काही उपकेंद्रात. बाळ झाल्यावर लगेच बाईला गोळ्या द्यायच्या. निम्म्या जणींना मिसोप्रोस्टॉल, निम्म्या जणींना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधाच्या गोळ्या. कोणाला काय मिळालं हे ना बाळंतिणीला ठाऊक, ना एएनएमला. गर्भाशय आकसावं म्हणून द्यायचं नेहमीचं औषध म्हणजे ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन. ते थंड ठेवावं लागतं, आणि ज्या उपकेंद्रात फ्रिज नाही किंवा वीज नाही तिथं त्याची शाश्वती नसते. गोळीला यातलं काही लागत नाही. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजातले डॉ. भालचंद्र कोडकणी, डॉ. शिवप्रसाद गौडर आणि त्यांचे अमेरिकन सहकारी यांनी या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले. बिनऔषधाच्या गटात १०० पैकी १२ जणींना अतिरक्तस्राव झाला होता, औषधाच्या गटात सुमारे ६ जणींना. १८ बायकांना गोळ्या दिल्या की एकीचा रक्तस्राव टळतो, असा तो हिशेब.

गोळीची गोष्ट पुढे बरीच गाजली. मला त्याच अभ्यासातली दुसरी वस्तू अधिक मोलाची वाटते. रक्त किती गेलं हे मोजायचं कसं, हा अभ्यासकांपुढचा पेच होता. लेबर रूममध्ये पिढ्यान्‌पिढ्या ते नजरेनं ठरवलं गेलं आहे : चादर किती भिजली, पॅड किती बदलले, बादलीत किती आलं. नजर दगा देते, आणि ती नेहमी एकाच दिशेनं दगा देते. बाळंतिणीच्या कमरेखाली अंथरायची, खाली नरसाळ्यासारखी निमुळती होत जाणारी आणि मिलिलिटरच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी या मंडळींनी तयार केली. तिच्याशी ताडून पाहिलं तेव्हा नजरेचा अंदाज सुमारे एक तृतीयांशानं कमी भरला. खरं तर ४५० मिलिलिटर रक्त गेलेलं असतं, आणि बघणाऱ्याला ते ३०० वाटत असतं.

पिशवी आली आणि एक फरक पडला, ज्याची नोंद शास्त्रीय निबंधात सहसा होत नाही. त्याआधी सिस्टरनं डॉक्टरांना फोन करायचा तर म्हणायचं काय? ‘सर, ब्लीडिंग जरा जास्त वाटतंय.’ त्यावर प्रश्न ठरलेला : ‘जास्त म्हणजे किती?’ आणि या प्रश्नाला उत्तर नसल्यानं पुष्कळ फोन दहा मिनिटं उशिरा होतात, तर काही होतच नाहीत. नव्या सिस्टरला उगाच बोलावल्याबद्दलच्या बोलण्याची भीती असते, जुनीला आपली लाज जाईल याची. पिशवीवर ५०० ची खूण ओलांडली गेली असेल तर तिथं ‘वाटतंय’ला जागा नाही. आकडा सिस्टरच्या बाजूनं उभा राहतो.

पुढे जवळपास दोन दशकांनी हीच कल्पना आफ्रिकेत मोठ्या प्रमाणावर कसाला लागली. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांतल्या ८० रुग्णालयांत, दोन लाखांहून अधिक बाळंतपणांवर झालेला ‘ई-मोटिव्ह’ हा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्या रुग्णालयांतल्या मिडवाइफना खुणांची पिशवी दिली होती आणि सोबत एक साधा नियम. खूण ओलांडली की गर्भाशयाची मालिश, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झामिक ॲसिड, सलाइन, आणि जखम कुठं आहे का याची तपासणी, हे सगळं एकदम सुरू करायचं. एक करून वाट पाहायची, मग दुसरं, असं नाही. आणि तेवढ्यानं भागलं नाही तर वर हाक द्यायची. नेहमीच्या पद्धतीनं चालणाऱ्या रुग्णालयांत रक्तस्रावाच्या जवळजवळ निम्म्या घटना कोणाच्या लक्षातच आल्या नव्हत्या. पिशवी आणि नियम असलेल्या रुग्णालयांत अशा ९३ टक्के घटना ओळखल्या गेल्या. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू, यांचं एकत्रित प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलं. हा फरक बहुतांशी गंभीर रक्तस्राव घटल्यामुळे पडला. मृत्यूचा वेगळा निष्कर्ष काढायला घटनाच फार थोड्या होत्या, हेही सांगायला हवं. तरी माझ्या मनात राहिलं ते वेगळंच. या अभ्यासात नवं औषध एकही नव्हतं. औषधं कपाटात आधीपासून होती, देणारे हातही होते. परवानगी नव्हती.

परवानगीचा हा प्रश्न आपल्याकडे अर्धामुर्धा सुटला आहे. केंद्र सरकारच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचनांनी एएनएम आणि स्टाफ नर्सला काही औषधं स्वतः देण्याची मुभा दिली. त्यात झटके येणाऱ्या गरोदर बाईला पुढे पाठवण्यापूर्वी मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देणंही आलं. कागदावर हे मोठं पाऊल होतं. पण लेबर रूममध्ये काम केलेल्या कुठल्याही सिस्टरला विचारा, नियमात बसतं म्हणून ती इंजेक्शन देते की मॅडमना फोन करून, ‘देऊ का?’ असं आधी विचारते. उत्तर बहुधा दुसरं येईल. कागदानं दिलेला अधिकार वॉर्डातल्या वरिष्ठानं मनापासून मान्य केल्याशिवाय हातात उतरत नाही.

प्रसूतितज्ज्ञ आणि मिडवाइफ यांच्यातला पहिला नीट लिहिलेला करार म्हणता येईल असा कागद म्हणजे पार्टोग्राफ. न्यूयॉर्कच्या इमॅन्युएल फ्रीडमन यांनी १९५४ मध्ये कळा सुरू झाल्यावर गर्भाशयाचं मुख कोणत्या वेगानं उघडतं याचा आलेख काढला होता. पण त्या आलेखाला दात फुटले ते त्या वेळच्या ऱ्होडेशियात. तिथल्या सॅलिस्बरीमध्ये, म्हणजे आजच्या हरारेत, भोवतालच्या छोट्या दवाखान्यांत मिडवाइफ बाळंतपणं करत आणि अडलेल्या बाईला मोठ्या रुग्णालयात पाठवत. पाठवायचं कधी, हाच प्रश्न. उशीर झाला तर गर्भाशय फाटून आई जाणार किंवा बाळ जाणार. लवकर पाठवत राहिलं तर मोठं रुग्णालय भरून वाहणार. फिलपॉट आणि कॅसल या दोन डॉक्टरांनी १९७२ मध्ये त्या आलेखावर दोन रेषा मारल्या. तासाला एक सेंटिमीटर या वेगाची पहिली रेषा, अलर्ट लाइन. ती ओलांडली की मिडवाइफनं बाईला पाठवायचं. तिच्या उजवीकडे चार तासांवर समांतर दुसरी, ॲक्शन लाइन. तिथं पोचायच्या आत रुग्णालयातल्या डॉक्टरनं काहीतरी निर्णय घ्यायचा. पहिली रेषा मिडवाइफची, दुसरी डॉक्टरची, आणि मधले चार तास रस्त्याचे. इतक्या थोड्या शाईत दोन व्यवसायांची जबाबदारी इतकी स्वच्छ वाटून दिलेली मला दुसरीकडे कुठं दिसलेली नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं इंडोनेशिया, मलेशिया आणि थायलंडमध्ये ३५,४८४ बाळंतपणांवर हा आलेख वापरून पाहिला. १९९४ मधले निष्कर्ष असे : लांबलेली बाळंतपणं ६.४ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर आली, आणि कळा वाढवण्यासाठी ड्रिप लावण्याचं प्रमाण २०.७ वरून ९.१ टक्क्यांवर. म्हणजे लक्ष वाढलं आणि ढवळाढवळ कमी झाली.

आपल्याकडे मात्र या कागदाचे हाल झाले. पार्टोग्राफ बाळंतपण होऊन गेल्यावर भरला जातो, हे आपल्या आरोग्यव्यवस्थेतलं उघड गुपित आहे. टिंबं बरोबर रेषेच्या डावीकडे पडतात, वळण सुबक येतं, तपासणीला येणारा अधिकारी सही करतो. याला सिस्टरचा आळस म्हणणं अन्याय आहे. एका पाळीला दोन सिस्टर, टेबलावर तीन बायका, दारात चौथी, आणि वर डझनभर रजिस्टरं. आणि समजा तिनं वेळच्या वेळी टिंब मारलं, रेषा ओलांडली गेली, फोन केला, आणि पलीकडून कोणी आलंच नाही, तर? ती एकदा भरेल, दोनदा भरेल. करारातली आपली बाजू एकटीनं किती दिवस पाळायची? आलेख मागाहून भरला जातो तिथं मी आधी डॉक्टर किती वेळात येतात ते विचारीन.

२०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं पार्टोग्राफच्या जागी ‘लेबर केअर गाइड’ आणला. प्रत्येक बाईचं मुख तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे हा आग्रह सोडून दिला, आणि सोबतीला कोणी आहे का, पाणी पिते का, उठून चालते का, वेदना कमी करायला काय केलं, यांच्याही नोंदी त्यात आल्या. त्याची चाचणी पुन्हा बेळगावच्याच संशोधकांनी कर्नाटकातल्या चार रुग्णालयांत घेतली. पहिलटकरणींमधलं सीझरचं प्रमाण तिथं ४५ टक्क्यांवरून ४० च्या आत आलं, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम म्हणावा असा तो फरक नव्हता. दिशा बरी आहे, एवढंच म्हणावं.

इथवर वाचून कोणाला वाटेल की सिस्टरला अधिकार दिले की काम झालं. इंग्लंडचा अलीकडचा अनुभव फार कडू आहे, आणि तो वाचल्याशिवाय या विषयावर कोणी बोलू नये असं मला वाटतं. मिडवाइफसाठी १९०२ मध्येच स्वतंत्र कायदा करणारा हा देश. तिथं साधं बाळंतपण मिडवाइफच करते, प्रसूतितज्ज्ञ गरज पडली तर येतो. मोरकम बे भागातल्या बॅरो गावच्या फर्नेस जनरल हॉस्पिटलची चौकशी बिल कर्कप यांनी केली आणि २०१५ मध्ये अहवाल दिला : ११ बाळं आणि एक आई, हे १२ मृत्यू टळू शकले असते. तिथल्या काही मिडवाइफनी नैसर्गिक बाळंतपणाचा ध्यास इतका घेतला होता की धोक्याची बाईही डॉक्टरांपर्यंत वेळेत पोचत नव्हती. मिडवाइफ, प्रसूतितज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ यांच्यात धड बोलणंही उरलं नव्हतं. २०२२ मध्ये डॉना ओकेंडेन यांचा श्रूजबरी आणि टेलफर्डच्या रुग्णालयांवरचा अहवाल आला. उपचार बरे मिळाले असते तर २०१ बाळं आणि ९ आया कदाचित वाचल्या असत्या, असं त्यात आहे. त्याच वर्षी ईस्ट केंटच्या रुग्णालयांच्या चौकशीचाही अहवाल आला, तिथंही माणसामाणसांतल्या बिघडलेल्या नात्यांचीच कहाणी.

या अहवालांत मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. दोन व्यवसायांनी आपापला प्रदेश आखून घेतला, आणि हाक देणं म्हणजे आपला प्रदेश सोडणं असं झालं. मिडवाइफनं डॉक्टरला बोलावलं तर ती हरली, आणि डॉक्टर न बोलावता आला तर तो घुसखोर. सीझरचा आकडा कमी ठेवणं हे काही ठिकाणी कर्तबगारीचं माप झालं होतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथल्या आरोग्य सेवेनं रुग्णालयांना सांगितलं की सीझरच्या टक्केवारीवरून कामाचं मोजमाप करणं थांबवा. ‘सीझर फार वाढली’ म्हणून आपण रोज हळहळतो, आणि ती हळहळ खरी आहे. तरीही आकडा खाली आणणं हेच ध्येय ठरवलं की त्याचं मोल कोणीतरी बाळ मोजतं, हे इंग्लंडनं दाखवून दिलं आहे.

त्याच देशात ब्रिस्टलच्या साउथमीड हॉस्पिटलनं वेगळी वाट दाखवली. २००० च्या सुमारास तिथं ठरलं की प्रसूती विभागात काम करणाऱ्या प्रत्येकानं, मिडवाइफ असो की वरिष्ठ प्रसूतितज्ज्ञ, वर्षातून एक दिवस एकत्र सराव करायचा. बाहेरच्या आलिशान केंद्रात नाही, आपल्याच लेबर रूममध्ये. बाळाचा खांदा अडकला, नाळ आधी बाहेर आली, झटका आला, रक्त थांबेना : असे प्रसंग उभे करायचे आणि सगळ्यांनी मिळून निभवायचे. कोण काय म्हणतं, कोण कोणाचं ऐकतं, ट्रॉली कुठं आहे, घड्याळ कोण बघतं. जन्मानंतर पाच मिनिटांनी बाळाची अवस्था कशी आहे याचा अपगार गुण सहा किंवा त्याहून कमी येण्याचं प्रमाण दर १०,००० बाळांमागे ८६.६ होतं, ते ४४.६ वर आलं. प्राणवायू कमी पडून मेंदूला इजा झालेल्या बाळांचं प्रमाणही निम्मं झालं. आणीबाणीत खांदा सोडवायला कोणाचे हात हुशार आहेत यापेक्षा ‘खांदा अडकलाय’ हे दोन शब्द कोणीतरी वेळेत आणि मोठ्यानं म्हणणं महत्त्वाचं असतं. ते म्हणायची सवय, आणि मोठ्या डॉक्टरांसमोर म्हणायची सवय, सरावानंच लागते.

भारतात या नात्याची नव्यानं मांडणी करायचा सगळ्यांत गंभीर प्रयत्न हैदराबादेत झाला. फर्नांडिस हॉस्पिटलच्या डॉ. एविटा फर्नांडिस स्वतः प्रसूतितज्ज्ञ. त्यांनी २०११ पासून आपल्या रुग्णालयात व्यावसायिक मिडवाइफ घडवायला सुरुवात केली, त्यासाठी ब्रिटनमधून अनुभवी मिडवाइफ आणल्या. वरचा माणूस आपल्या हातातलं काम आणि त्याबरोबरचा मान आपण होऊन वाटून देतो, हे आपल्या वैद्यकीय जगात क्वचित घडतं. म्हणून मला या कामाविषयी मनापासून आदर आहे. तेलंगण सरकारनं युनिसेफ आणि फर्नांडिस यांच्यासह २०१७ मध्ये करीमनगरला ३० नर्सची पहिली तुकडी या शिक्षणासाठी घेतली. जागा विचार करून निवडलेली. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, म्हणजे २०१९-२१ मध्ये, तेलंगणात १०० पैकी ६१ बाळं सीझरनं जन्मत होती, आणि करीमनगर जिल्ह्यात हा आकडा ८० च्या वर होता. देशाची सरासरी २१.५ टक्के. तेलंगणातल्या सीझरच्या मागे खासगी रुग्णालयांचं अर्थकारण आहे, मुहूर्त काढून जन्म घालायची हौस आहे, आणि कळांची भीतीही आहे. तासन्‌तास जवळ बसून ती भीती घालवणारं माणूस व्यवस्थेत कोणी ठेवलंच नव्हतं.

डिसेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारनं मिडवाइफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वं काढली. जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालेल्या अनुभवी नर्सला १८ महिन्यांचं आणखी शिक्षण, मग ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी’ हे पद. मोठ्या रुग्णालयात प्रसूतितज्ज्ञांच्या विभागाला लागूनच मिडवाइफनी चालवायचा कक्ष. साधी बाळंतपणं तिनं करायची, गुंतागुंत दिसली की दार ओलांडून पलीकडे न्यायचं. ‘लागूनच’ या शब्दावर सगळी मदार आहे, कारण हाक ऐकू जाईल इतकं अंतर असलं पाहिजे.

महाराष्ट्राचे आकडे वरकरणी समाधानाचे आहेत. पाचव्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती. २०१८-२० मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू, तेव्हा देशाचा आकडा ९७ होता. या यशाचा फार मोठा वाटा लेबर रूमच्या सिस्टरचा आहे, आणि तिचं नाव कुठल्याही अहवालाच्या प्रस्तावनेत येत नाही. तिच्या नोंदणीपत्रावर नर्स आणि मिडवाइफ अशा दोन्ही ओळखी छापलेल्या असतात. प्रत्यक्षात ती अधिपरिचारिका असते, आणि बदलीच्या आदेशानं सोमवारी लेबर रूममधून उठून डोळ्यांच्या वॉर्डात जाऊ शकते. पाच वर्षं हातात मुरलेलं ज्ञान, बोटांनी बाळाचं डोकं कुठं वळलंय हे ओळखण्याचं, ओरडण्याच्या बदललेल्या सुरावरून आता जोर येतोय हे कळण्याचं, त्या दिवशी वाया जातं. २०१७ च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात लेबर रूमच्या नर्सना असं फिरवत राहू नये, असं म्हटलं आहे. ते पाळलं गेलं तर माझ्या मते कुठल्याही नव्या यंत्रापेक्षा जास्त फायदा होईल.

तालुक्याच्या गावी डॉक्टर नवरा-बायकोनं चालवलेलं खासगी प्रसूतिगृह हेही महाराष्ट्राचं मोठं वास्तव. तिथं बाई प्रसूतितज्ज्ञ वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस कॉलवर. खाली काम करणाऱ्या मुलींपैकी कितीजणींचं पूर्ण शिक्षण झालेलं असतं हा नाजूक प्रश्न आहे. रात्रभर कळांच्या बाईजवळ बसायला विश्वासाचं कोणी नसेल, सकाळी ओपीडीत पन्नास बायका असतील, आणि काही बिनसलं तर नातेवाईक काचा फोडतील ही धास्ती असेल, तर संध्याकाळी सहाला सीझर करून मोकळं होणाऱ्या डॉक्टरबाईला लोभी म्हणून सोडून देणं मला जमत नाही. तिला शिकलेली, जबाबदारी घेणारी, कायद्यानं मान्य असलेली जोडीदारीण मिळाली तर रात्री झोप तिचीही होईल. या डॉक्टरांच्या संघटनांनी मिडवाइफच्या शिक्षणाकडे आपल्या पोटावर पाय म्हणून पाहणं सोडावं, असं मला कळकळीनं वाटतं.

सरकारी दवाखान्यात सुरुवात करायला फार पैसे लागणार नाहीत. खुणांची पिशवी प्रत्येक बाळंतपणाला वापरावी. महिन्यातून एकदा दुपारी तासभर वैद्यकीय अधिकारी, भूलतज्ज्ञ, सिस्टर आणि मावशी यांनी मिळून रक्तस्रावाचा सराव करावा. मावशींनाही घ्यावं, कारण रक्तपेढीकडे धावत जायचं ते त्यांनाच. आणि ग्रामीण रुग्णालयाच्या कॉल बुकमध्ये सिस्टरनं फोन केल्याच्या वेळेसमोर डॉक्टर टेबलापाशी पोचल्याची वेळ त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहावी. मातामृत्यूच्या आढावा बैठकीत आज सिस्टरला उभं करून पहिला प्रश्न विचारला जातो. तिथं त्या दोन्ही वेळा, दोघंही समोर बसलेले असताना, आधी वाचून दाखवाव्यात.